मिळकतकरातली 5-10 टक्के सूट ही चैन आहे का?

सचिव_कोथरूड
परवा इथे 'कसब्यातली' यांनी लिहिलं की सोलर, गांडूळखत आणि पावसाचं पाणी जिरवण्यासाठी पुण्याच्या मिळकतकरात मिळणारी 5 ते 10 टक्के सूट म्हणजे 'मोठ्या सोसायट्यांची चैन, वाड्यांतल्या लोकांच्या जिवावर', आणि पालिकेने ती बंद करावी. दोनदा वाचलं, राग गेला नाही, म्हणून हा धागा.

आमची चैन ऐका. चार मजली तीन इमारती, 84 फ्लॅट. 2019 ला खतखड्डे केले. पहिल्याच पावसाळ्यात अळ्या झाल्या, तळमजल्यावरच्या काकूंनी सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं. खड्डे बांधून देणारा ठेकेदार पैसे घेऊन गेला तो पुन्हा फिरकला नाही. वर्षभर दर रविवारी मी स्वतः फावडं घेऊन ओला कचरा वरखाली केला. ओल्याच्या जोडीला सुका पालापाचोळा भरपूर घालायचा असतो, हे कळल्यावर कुठे वास थांबला. 2024 नंतर गच्चीवर 20 किलोवॉटचं सोलर बसवलं. केंद्राच्या सूर्यघर योजनेतून सोसायटीच्या सामायिक मीटरसाठी किलोवॉटमागे 18 हजार, म्हणजे 3 लाख 60 हजार मिळाले. बाकी सभासदांच्या खिशातून. दिवसाला सरासरी 80 युनिट निघतात, लिफ्ट आणि पंप त्यावर भागतात. पूर्वेच्या पर्जन्यवृक्षाची (रेन ट्रीची) सावली दहा वाजेपर्यंत पॅनेलवर असते, तो काढला तर आणखी वाढतील.

आणि करातली सूट? एका महिन्याच्या मेंटेनन्सइतकीही नाही. पण तिच्याच जोरावर सभेत बहुमत झालं. ती बंद केलीत तर पुढची सोसायटी खड्डा खणायलाच तयार होणार नाही.

कसब्यातली
तुमच्या कष्टांबद्दल मी एक शब्दही वाईट लिहिला नव्हता, सचिवसाहेब. माझा प्रश्न साधा आहे. आमच्या वाड्यात नऊ बिऱ्हाडं, वर कौलं. तिथे पॅनेल बसत नाही, अंगणात सार्वजनिक नळ आणि दोन संडास, खड्डा खणायचा कुठे? ओला-सुका वेगळा करून आम्ही रोज सकाळी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंच्या हातात देतो, त्याचे महिन्याचे पैसेही भरतो. माझ्या सासूबाई दुधाची पिशवीसुद्धा धुऊन वाळवून देतात. आम्हाला सूट कुठे आहे?

दुसरं. 2016 च्या घनकचरा नियमांपासूनच रोज 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी आपला ओला कचरा आपणच जिरवायचा आहे. म्हणजे कायद्याने जे करायलाच हवं, त्याचं बक्षीस? सिग्नलला थांबलं म्हणून कुणी पैसे देतं का?

सचिव_कोथरूड
आमचा ओला-सुका मिळून कचरा जेमतेम 60 किलो. त्या 100 किलोत आम्ही येत नाही, तरी करतो.

टेकडीवाला
सगळं सोडा. 'तो काढला तर'? काय काढला तर? पर्जन्यवृक्ष? किती वर्षांचा आहे तो?

सचिव_कोथरूड
सोसायटी 1978 ची. झाड त्याच्याही आधीचं असेल.

टेकडीवाला
म्हणजे पन्नाशी बहुधा गाठलेली. 1975 च्या वृक्षसंवर्धन कायद्यात 2021 ला जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे 50 वर्षं आणि त्यावरची झाडं 'वारसा वृक्ष'. असं झाड तोडायचं तर जितकं त्याचं वय तितकी रोपं लावून जगवायची. कोथरूडच्या गल्लीत 50 झाडं लावणार कुठे, पार्किंगमध्ये? आठ-दहा युनिटांसाठी असलं झाड पाडायला निघालेल्या माणसाने पर्यावरणासाठी करात सूट मागू नये. मला हे वाचून खरोखर वाईट वाटलं.

धानोरीकर
झाड, झाड, झाड. गेल्या वळवाच्या पावसात माझ्या मावसभावाच्या खांद्यावर अशाच पर्जन्यवृक्षाची फांदी पडली. तीन महिने हात गळ्यात, रिक्षा दारात उभी, हप्ते चालूच. ही झाडं आपल्याकडची नाहीत, मध्य-दक्षिण अमेरिकेतून आणलेली, लाकूड ठिसूळ. त्यांच्या जागी कडुनिंब लावा, वड लावा.

टेकडीवाला
तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. पण वेळेवर फांद्या छाटल्या असत्या तर ते टळलं असतं. मिरचीही अमेरिका खंडातूनच आली, ती रोज जेवणात चालते ना?

मुठाकाठ
एका झाडावर एवढं भांडताय आणि 44 किलोमीटरच्या मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्पात किती झाडं गेली यावर कुणी चकार शब्द काढत नाही. नदीत मैलापाणी येतंय. सांडपाणी शुद्धीकरणासाठी जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेशी कर्जाचा करार झाला 2016 ला. आधी ते पूर्ण करायचं, मग काठ. ज्या शहराला नदी नाल्यासारखी वाटते, त्याने सोलरच्या गप्पा मारू नयेत.

कसब्यातली
नदीवर वेगळा धागा काढा, मी येईन. इथे नको.

अभियंता_सहकारनगर
सोलरच्या कामातला आहे म्हणून लिहितो. सचिव, तुमची पॅनेल एका साखळीत जोडलेली असतील, तर दोन पॅनेलवरच्या सावलीने अख्ख्या साखळीचं उत्पादन पडू शकतं. उपाय झाड नाही. सावलीतली पॅनेल वेगळ्या साखळीत घ्या किंवा त्यांना स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर (एकेका पॅनेलची वीज वेगळी हाताळणारं छोटं यंत्र) लावा. खर्च येईल, पण झाड पाडण्याचा खर्च आणि 50 रोपं वाढवणं याहून कमी. शिवाय त्या झाडाने पूर्वेच्या खोल्या थंड राहतात. ते गेलं की त्या घरांत एसी लागतील, आणि त्यांचं बिल तुमच्या सामायिक मीटरवर दिसणारसुद्धा नाही.

धानोरीकर
आणि फांदी पडली तर मायक्रोइन्व्हर्टर दवाखान्यात नेणार का? घरात कुणाचा हात मोडेल तेव्हा कळेल तुम्हा लोकांना.

सचिव_कोथरूड
'तुम्हा लोकांना' वगैरे नको. आमच्याकडेही मे महिन्यात फांदी पडून दोन स्कूटर चेपल्या. म्हणूनच विषय निघाला, मी उगाच कुऱ्हाड घेऊन उभा नाही. अभियंता, साखळीचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. बसवणाऱ्याने गच्चीचा फोटो पाहून कोटेशन दिलं होतं.

फुरसुंगीचा
इतका वेळ वाचत होतो. मी त्या गावात वाढलो, जिथे तुम्हा सगळ्यांचा कचरा यायचा. कोथरूडचाही, कसब्याचाही. आमच्या विहिरीच्या पाण्याला रंग होता. बहिणीला पाहायला आलेली मंडळी वासाने चहा न पिता उठली. गावाने रस्ता अडवला, कितीदा गाड्या परत पाठवल्या, तेव्हा कुठे शहराला ओला-सुका कळू लागला. 2017 ला आम्हाला पालिकेत घेतलं, 2024 ला बाहेर काढून उरुळी देवाचीसह वेगळी नगरपरिषद केली. कचऱ्याचा डोंगर तिथेच राहिला.

त्यामुळे सूट कोणाला, वाड्याला की सोसायटीला, हे माझ्या लेखी दुय्यम आहे. जो कचरा आपल्या दारात जिरवतो त्याला द्या, दहा नाही वीस टक्के द्या. पण सूट घेऊन खड्डा बंद ठेवणाऱ्याकडून मागच्या वर्षांची रक्कम वसूल करा. तो बंद खड्डा आमच्या गावात उघडतो.

कसब्यातली
हे मला पटलं. सूट बंद करा असं मी लिहिलं ते रागात. खड्डा चालू आहे की नाही हे दर वर्षी कुणीतरी येऊन पाहावं, आणि वेगळा करून देणाऱ्या लहान घरांनाही त्यात घ्यावं. एवढं झालं तर माझी तक्रार नाही. 'चैन' हा शब्द मात्र मी मागे घेत नाही. ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांनाच जी गोष्ट मिळते, तिला दुसरं काय म्हणायचं?

सचिव_कोथरूड
तपासणीचं मान्य. आमच्याकडे कधीही या, खड्डा उघडून दाखवतो. लहान घरांचंही मान्य, पण सूट कचरा वेगळा करण्याची असेल तर ती भाडेकरूपर्यंत कशी पोचणार, कर तर मालक भरतो. शब्दावरून आपलं जुळणार नाही, ते राहू द्या.

टेकडीवाला
आणि झाड?

सचिव_कोथरूड
अर्ज अजून दिलेला नाही. रविवारी सभा आहे, अभियंत्यांनी लिहिलेलं तिथे वाचून दाखवतो. पण वाळलेल्या फांद्या पावसाआधी परवानगी घेऊन छाटणारच, त्यात कुणाचं ऐकणार नाही.

टेकडीवाला
छाटा. पाला जाळू नका.

सचिव_कोथरूड
जाळतो कशाला, खड्ड्यात तोच तर घालतो.