वन ट्री हिल: डॅनला शेवटी फार स्वस्तात सोडला

खाडीवरचा_आळशी (मालवण)
आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, जाळी शिवायची आणि मोबाईल बघायचा एवढंच काम. त्यात वन ट्री हिल या अमेरिकन सिरीयलचे ९ सीझन, १८७ भाग संपवले. पोरांची लफडी, बास्केटबॉल ते ठीक आहे, पण खरी सिरीयल बापांची आहे असं माझं मत. आजा रॉयल स्कॉटने धाकट्या पोराला, डॅनला, खेळापायी पिळला, थोरल्या कीथला हिशेबातच धरला नाही. मग डॅनने आपल्या दोन पोरांपैकी लूकसला जन्माआधीच वाऱ्यावर सोडला आणि नेथनला घरात ठेवून असा पिळला की पोरगा उत्तेजक गोळ्या खाऊन मॅचला उतरला आणि कोर्टवरच आडवा झाला. तिसऱ्या सीझनला तर डॅनने सख्ख्या भावाला, कीथला, शाळेत गोळी घातली. आणि नवव्यात नेथनला सोडवताना स्वतः गोळी खाल्ली की फिटलं सगळं? मरायला टेकलेल्या बापाला कोणीही माफ करेल हो, जो ८० वर्षांचा होऊन रोज ओटीवर बसून "तुझा काय उपयोग" म्हणणार आहे त्याचं काय करायचं ते दाखवा ना.

मोहोर_गळती (देवगड)
फुकट नाही सुटला तो. स्वतः कबुली दिली, जेलमध्ये गेला, पॅरोलवर बाहेर आला तेव्हा गावात कुत्रं विचारत नव्हतं. आणि माफ करायचा पहिला हक्क लूकसचा, तो तर डॅन मरताना तिथे नव्हताच. म्हणजे अर्धा हिशेब उघडाच राहिला की. तुम्ही तो भाग जाळी शिवता शिवता बघितला वाटतं 😄

चढाई_फेल (रत्नागिरी)
मी आळशीभाऊंच्या बाजूने. आजोबा गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर बिऱ्हाड गावी, वडलांची मुंबईतली कबड्डी तिथेच सुटली, मग ती माझ्या डोक्यावर. वाडीच्या मॅचला ते मंडपात कधी बसायचे नाहीत, मैदानाच्या कडेला चपला काढून उभे आणि माझ्या प्रत्येक चढाईला "बोनस घे रे, बोनस!" पंचापेक्षा मोठा आवाज. पकड झाली की घरी येईपर्यंत एक शब्द नाही, जेवताना फक्त आमटीची वाटी माझ्याकडे सरकवायचे, न बघता. ती वाटी म्हणजे माफी होती की शिक्षा ते मला अजून कळलेलं नाही. त्यामुळे डॅन स्टँडमध्ये येऊन उभा राहिला की मला घाम फुटायचा, आणि असल्या माणसाला शेवटी हिरो करतात??

मोहोर_गळती
हिरो नाही हो केला, माणूस केला. वाटी सरकवणारा बाप आणि भावाला मारणारा बाप एका तागडीत नका घालू.

सड्यावरची_मुलगी (वेंगुर्ला)
मला वेगळंच खटकतं. लूकसला हृदयाचा स्नायू जाड होण्याचा तो आजार, एचसीएम, डॅनकडून आलेला, म्हणजे ज्याने नाव दिलं नाही त्याने दुखणं मात्र दिलं. आईबापापैकी एकाला तो दोष असला तर मुलात यायची शक्यता अर्धी असते. रागाचंही तसंच असतं असं सिरीयल सुचवते, ते मला नाही पटत. पाचव्या सीझनला नेथन पाठीच्या दुखापतीने घरी बसतो, दारू पितो, त्याचा चार वर्षांचा मुलगा जेमी सगळं बघत असतो, हुबेहूब डॅन व्हायच्या वाटेवर. पण होत नाही. का? बायको हेली पाठ सोडत नाही म्हणून. सगळे बाप-बाप करताय, मधल्या बाईचं नावसुद्धा कोणी घेतलं नाही, आमच्या घरी पण हेच, निरोप्याचं काम आईकडे.

चढाई_फेल
हे मात्र खरं. वाटी भरून ठेवणारी आईच.

आबा_वालावल
तुमी सगळे झिलाच्या बाजून बोलतास, बापाशीची बाजू कोण घेतलो? माझो झिल मुंबैक आसा. फोन केलंय तर "बोला" म्हणता, बाबा म्हणणा नाय. मी काय कोणाक गोळी घालूक नाय. तो बारावीक नापास झालो तेवा चार माणसांत कायतरी बोललंय, तेका १५ वर्सां झाली. त्या डॅनाक निदान मराक तरी संधी गावली.

खाडीवरचा_आळशी
आबा, शेवटचं वाक्य वाचून जरा गप्प झालो. पण मत तेच, लेखकाने गोळी घालून सोपा मार्ग काढला. गणपतीला येतो ना तो?

आबा_वालावल
येता. दीड दिवस. आरतीक उबो रवता आणि परत जाता.

सड्यावरची_मुलगी
आबा, चार माणसांत नक्की काय बोलला होतात?

आबा_वालावल
तां हंय लिवूक जमाचा नाय.