सेझमध्ये (निर्यातीसाठीच्या खास औद्योगिक क्षेत्रात) माल वेळेत जातो तो टॅक्समाफीमुळं की प्लॅनिंगमुळं?

उद्यमबागकर
काल एकानं लिहिलं, "हत्तरगीचं सेझ चाललं ते फक्त ड्युटी आणि टॅक्स माफीवर, तीच माफी उद्यमबाग-मच्छेला दिली असती तर आम्ही पण करून दाखवलं असतं." हत्तरगी म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्यातलं विमानाचे पार्ट करणारं सेझ, उद्यमबाग-मच्छे म्हणजे सेझबाहेरच्या आपल्या औद्योगिक वसाहती. हे वाचून झोप लागली नाही म्हणून लिहालोय. इन्कम टॅक्समधली 10एए कलमाची सवलत निर्यातीच्या नफ्यावर होती, पहिली पाच वर्षं शंभर टक्के, पुढची पाच पन्नास. त्यावर 2011-12 पासून मॅट (सवलत असली तरी भरावा लागणारा किमान टॅक्स) लागलाच, आणि 2020 नंतर सुरू होणाऱ्या नव्या युनिटला ती सवलतही नाही. आता सांगा, जॉब तीन महिने उशिरा गेला, कस्टमरनं पुढची ऑर्डर दुसऱ्याला दिली, मग नफाच नाही तर माफी कशावर घेणार? विमानाचा नवा पार्ट म्हणजे आधी एक प्रोजेक्ट असतो. ड्रॉइंग, सर्टिफिकेटसकट मटेरियल, फिक्स्चर (मशीनवर पार्ट धरून ठेवणारी पकड), मशीनचा प्रोग्राम, पहिल्या पीसचं इन्स्पेक्शन, कस्टमरची मंजुरी, हे सगळं झाल्यावर मग प्रॉडक्शन. आपल्याकडं मटेरियल दारात आल्यावर फिक्स्चरची आठवण होते. बावीस वर्षं हेच बघतोय, माझ्या स्वतःच्या शॉपमध्ये सुद्धा.

नानावाडीचा फाउंड्रीवाला
तुमचं मशिनिंग हाय म्हणून बोलालाय. भट्टीत हीट (वितळलेलं मेटल) तयार आहे आणि लाइट गेली तर तुमचा प्लॅनिंगचा चार्ट काय करणार? मेटल भट्टीतच गार होतं, अस्तर जातं, दोन दिवस गेले. सेझवाल्याला बाहेरून येणारं मशीन ड्युटीशिवाय, मी ड्युटी भरली आणि वर बँकेचं व्याज. पेमेंट एकशे वीस दिवसांनी. प्लॅनिंग करायला आधी हातात पैसा लागतो ओ.

हिंडलग्याची प्लॅनर
दादा, लाइटचं आणि पेमेंटचं मान्य. पण सेझ म्हणजे नुसती मजा असं समजू नका. नऊ वर्षं एका सेझमध्ये प्लॅनिंगला होते, आपल्या जिल्ह्याबाहेर. पार्ट कोटिंगला बाहेर पाठवायचा तर जॉबवर्कची परवानगी, गेटवर कागद, परत येताना पुन्हा कागद. शुक्रवारी संध्याकाळी एक सही राहिली की सोमवार उजाडतो. माल देशातच विकायचा म्हटलं तर इम्पोर्ट केल्यासारखी ड्युटी. पाच वर्षांचा परकीय चलनाचा हिशोब प्लसमध्ये दाखवायचा तो वेगळाच. हत्तरगीला फोर्जिंग, मशिनिंग, सरफेस ट्रीटमेंट (कोटिंग वगैरे) एकाच कुंपणात आणलं याचं महत्त्व ज्यानं हे कागद फिरवलेत त्यालाच कळतं, पार्ट गेटबाहेर जातच नाही.
आणि चार्ट सगळ्यांकडं असतो. आमच्याकडं चौदा मशीनवर साठ जॉब उघडे होते, प्रत्येकावर लाल पेननं "अर्जंट". भांडून भांडून निम्मे जॉब स्टोअरमध्येच थांबवले, मशीनपुढची रांग कमी झाली, मशीन एक वाढवलं नाही, तरी माल लवकर बाहेर पडायला लागला. साहेबांना वर्षभर पटलं नव्हतं.

हुक्केरीचा सेटर
ताई तुमचं बरोबर, पण चार्ट वाचणार कोण? नाइट शिफ्टला मशीन सेट करायला होतो, शॉपचं नाव घेत नाही. ड्रॉइंगची रिव्हिजन (सुधारलेली आवृत्ती) बी ची सी झाली, मेल इंग्लिशमध्ये, प्लॅनिंगच्या ग्रुपवर. मशीनवर बी चंच ड्रॉइंग लटकलेलं. सकाळपर्यंत बेचाळीस पीस भंगार आणि मेमो मला. एका लाइनवर मी कन्नड, शेजारचा खानापूरचा मराठी, पलीकडं ओडिशाचा पोरगा. प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणे.

उद्यमबागकर
भाषेचं इथं आणू नका. बेळगावात हा विषय निघाला की कामाचं बोलणं संपतं. सेटरला रिव्हिजनचं एक अक्षर वाचता येत नाही काय?

हुक्केरीचा सेटर
अक्षर वाचता येतंय ओ काका, पण नवा कागद मशीनवर यायला पायजे का नको? आणि बोर्ड कुठल्या भाषेत लावा यावर मी भांडत नाही, ते तुम्ही शहरातले भांडता. मेमोवर सही माझी झाली, त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह गेला, बायकोला काय सांगायचं ते मला विचारा.

नानावाडीचा फाउंड्रीवाला
सेटर बरोबर बोलालाय. माझ्याकडं मोल्डिंगला बिहारची पोरं, कोअर (साच्यात आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) वाळवायची वेळ मी मराठीत सांगितली, त्यांनी मान हलवली, आणि अख्खी बॅच ब्लोहोलमध्ये (कास्टिंगला वायूची भोकं पडून) गेली. तेव्हा लाइट होती, पैसा पण होता. एवढं कबूल करतो. बाकी टॅक्सचं मी सोडत नाही.

हिंडलग्याची प्लॅनर
माझ्या शॉपमध्ये पण असंच झालं असणार आणि मी मेल पाठवून मोकळी झाले असणार. सेटर दादा, नंतर काय केलं तुम्ही?

हुक्केरीचा सेटर
मीच पाटी केली. "हळे ड्रॉइंग तेगी", खाली मराठीत "जुनं ड्रॉइंग काढा", खाली हिंदीत. नवं ड्रॉइंग द्यायचं ते जुनं हातात घेऊनच, नाहीतर नाही. त्यानंतर परत असं झालं नाही.

उद्यमबागकर
बरं. अक्षराचं बोललो ते चुकलं. पण हे तुम्ही केलं म्हणून झालं, जॉब सुरू करतानाच्या यादीत ते असायला पायजे होतं, आणि मी हेच म्हणत होतो. पाटीचा फोटो टाका, सोमवारी माझ्या आठ मशीनवर लावतो.

हुक्केरीचा सेटर
शिफ्ट संपल्यावर टाकतो. ड्रॉइंग बदललं की डिलिव्हरीची तारीख पण पुढं जाणार काय, तेवढं तुमच्या प्लॅनरला आधी विचारून ठेवा.