कुत्र्याकडून काय शिकलात?

प्रश्न (वेंगुर्ला): लोक म्हणतात, कुत्रा पाळला की शहाणपण येतं. मोत्या आल्यापासून आमच्या पडवीत फक्त गोचिडी आल्या! तुमचं काय?

प्रतिसाद (हर्णै): आमची काळी संध्याकाळी बंदरावर लिलावाला हजर. मासळीवर झडप नाही, भुंकणं नाही. पाटीवाल्या मावशींसमोर नुसती बघत बसते. बांगड्याचं डोकं मिळतंच. उधारी वसूल करायची तर अशी!

प्रतिसाद (देवरुख): बिबट्याच्या भीतीनं आम्ही रात्री कुत्र्याला आत घेतो. त्या निमित्तानं चिरंजीवही वेळेत घरात. बाकी शहाणपण राहू दे, पावसाळ्याआधी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लस द्या. तो कुत्र्यालाही होतो.

प्रश्नकर्ता: लसीचं उद्याच बघतो. उधारीवाला प्रयोग मोत्या माझ्यावर रोज करतो, मी जेवायला बसलो की.