छोटूचं कॅलक्युलस आणि वहिनीचं अकाउंटिंग

ग्रुप: गोतावळा

ताई (फ्रीमाँट): मंडळी, जरा डोकं चालवा. छोटूचं कम्युनिटी कॉलेजचं नक्की झालंय. दोन वर्षं तिथे काढायची आणि मग यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, ट्रान्सफर घ्यायची. विषय कॉम्प्युटर सायन्स. ओलोनी की डी अँझा हे अजून ठरायचंय. पण कालपासून मला वेगळीच धास्ती लागलीय. फॉर्ममध्ये शाळेचे ग्रेड टाकले की लगेच उत्तर येतं, ‘तुम्ही कॅलक्युलसला पात्र आहात’. अहो, याचं अल्जेब्रा टू कसंबसं झालंय आणि बारावीला साहेबांनी स्टॅटिस्टिक्स घेतलं होतं. प्रीकॅल्क्युलसचं तोंडही पाहिलेलं नाही!

माई (पुणे): थेट मोठ्या युनिव्हर्सिटीत नाही का मिळालं त्याला?

ताई (फ्रीमाँट): माई, मिळण्या-न मिळण्याचा प्रश्न नाही गं. कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टरच्या एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात. यूसीचा पहिल्या दोन वर्षांचा खर्च त्याच्या कितीतरी पट. आणि शेवटी डिग्रीवर नाव यूसीचंच येतं.

बंटी (नाशिक): माई, आपल्याकडे डिप्लोमा करून थेट सेकंड इयर इंजिनिअरिंगला जातात ना, तसंच समज.

माई (पुणे): मग ठीक. तू तसाच गेला होतास आणि तुझं काही वाईट झालं नाही.

अण्णाकाका (सांगली): एक मिनिट. प्रीकॅल्क्युलस न करता कॅलक्युलस? म्हणजे त्रिकोणमिती नाही, लॉगॅरिथम नाही, आणि थेट विकलन? हा काय प्रकार आहे? आमच्या वेळी अकरावीत त्रिकोणमिती पक्की झाल्याशिवाय बारावीचं पुस्तक उघडायची सोय नव्हती. मी आयुष्यभर हेच शिकवलंय. पाया नको म्हणणारं हे कुठलं शास्त्र?

पिंकी (डेव्हिस): अण्णाआजोबा, कायदाच आहे तसा. मी कम्युनिटी कॉलेजातूनच यूसी डेव्हिसला आले, त्यामुळे हे पुराण मला पाठ आहे 😅 पूर्वी प्रवेश घेतला की प्लेसमेंट टेस्ट व्हायची. त्यात कमी पडलात की खालच्या कोर्सला बसवायचे. तो झाला की त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. काही मुलांची तर दोन-दोन वर्षं नुसती अंकगणित ते अल्जेब्रा या जिन्यावर जायची आणि त्या कोर्सचे युनिट ट्रान्सफरला धरतही नव्हते. २०१७ला एबी ७०५ नावाचा कायदा आला, २०१९च्या फॉलपर्यंत (ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणारी टर्म) सगळ्या कॉलेजांना तो पाळावा लागला. टेस्ट गेली, शाळेचे ग्रेड बघायला लागले. मग २०२२ला एबी १७०५ आला, तो अजून कडक. सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांना २०२५च्या फॉलपासून थेट कॅलक्युलस.

अण्णाकाका (सांगली): जिना लांब आहे म्हणून काढूनच टाकायचा?

पिंकी (डेव्हिस): त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक पायरीला मुलं गळत होती. नापास होऊन गळायची असंही नाही. पास होऊन पुढच्या सेमिस्टरला नावच न घालणारी बरीच. कोणाची नोकरीची शिफ्ट बदलली, कोणाच्या घरी बाळ झालं. जितक्या पायऱ्या तितक्या सुटायच्या जागा. आणि खालच्या पायरीवर सर्वांत जास्त कोण अडकायचं? गरीब घरची, काळी आणि लॅटिनो मुलं. थेट वरच्या कोर्सला बसवल्यावर वर्षभरात तो पार करणाऱ्यांची संख्या वाढली, हे खरंय. पण तो अनुभव मुख्यतः इंग्लिश आणि स्टॅटिस्टिक्सचा होता. कॅलक्युलसच्या बाबतीत खुद्द तिथले गणिताचे प्राध्यापक ओरडत होते.

अण्णाकाका (सांगली): ओरडणारच. माझी माणसं आहेत ती.

बंटी (नाशिक): मी काकांच्या बाजूने. मला विचारा. डिप्लोमाहून थेट सेकंड इयरला गेलो. बाकी पोरांचं एम-वन, एम-टू झालेलं, आम्ही आलो ते थेट एम-थ्रीला. लाप्लास ट्रान्सफॉर्म म्हणजे काय, हे मी परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या जिन्यात शिकलोय. ब्रिज कोर्स म्हणून जे असायचं तिथे फक्त सह्या व्हायच्या. एटीकेटीच्या कृपेने तरलो.

ताई (फ्रीमाँट): बंट्या, धीर देतोयस की घाबरवतोयस?

पिंकी (डेव्हिस): आत्या, अगदी वाऱ्यावर सोडत नाहीत. कॅलक्युलसला जोडून सपोर्टचा छोटा कोर्स असतो, को-रिक्विझिट म्हणतात. त्याच आठवड्यात जे लागणार तेवढं अल्जेब्रा-ट्रिग त्यात करून घेतात. आणि ज्यांचं शाळेत प्रीकॅल्क झालेलं नाही अशांसाठी तयारीचा कोर्स ठेवायला कॉलेजांना वाव आहे. पण हे प्रत्येक कॉलेजात वेगळं. कुठे आहे, कुठे नाही. काउन्सेलरची अपॉइंटमेंट घे आणि नेमकं हेच विचार. पोर्टलवर ‘पात्र’ दिसतं याचा अर्थ तुम्हाला अडवता येत नाही, एवढाच. तयारी झालीय असं त्यात कुणीच म्हटलेलं नाही.

अण्णाकाका (सांगली): हे मात्र बरोबर बोललीस. फाटक उघडं ठेवलंय, पोहायला येतं की नाही ते ज्याचं त्याने बघायचं. छोटू आहे का तिथे? एक गणित घालतो. १ छेद (क्ष + ह) यातून १ छेद क्ष वजा कर. जे येईल त्याला ह ने भाग. सोपं रूप दे. कॅल्क्युलेटर नको.

ताई (फ्रीमाँट): बसलाय शेजारी. तो सांगतोय तसं टाइप करतेय. म्हणतोय: १ छेद (क्ष + ह) म्हणजे १ छेद क्ष अधिक १ छेद ह. त्यातून १ छेद क्ष गेलं, उरलं १ छेद ह. ह ने भागलं की १ छेद ह वर्ग.

अण्णाकाका (सांगली): अरेरे. क्ष = १, ह = १ घालून बघ म्हणावं. १ छेद (१ + १) म्हणजे अर्धा. आणि तुझ्या रीतीने १ अधिक १, दोन! छेद असा फोडता येत नाही बाळा. दोन्ही छेद समान कर आणि मग वजाबाकी.

बंटी (नाशिक): काका, आमच्या सेकंड इयरच्या वर्गातही निम्म्यांनी असंच फोडलं असतं.

ताई (फ्रीमाँट): थांबा, कागद घेतलाय. ... आलं म्हणतोय. वर क्ष वजा (क्ष + ह), म्हणजे वजा ह. खाली क्ष गुणिले (क्ष + ह). ह ने भागलं की वजा १ छेद क्ष (क्ष + ह).

अण्णाकाका (सांगली): शाब्बास! आता त्या ह ला शून्य होऊ दे. वजा १ छेद क्ष वर्ग. झालं विकलन. बघितलंस ना ताई? कॅलक्युलस शेवटच्या एका ओळीत आहे, आधीची सगळी मारामारी आठवी-नववीच्या बीजगणिताची. मुलं कॅलक्युलसमध्ये नापास होतच नाहीत. ती अपूर्णांकात नापास होतात, घातांकात होतात. त्याला कॉलेज सुरू होईपर्यंत रोज माझ्याकडे व्हिडिओ कॉलवर बसव. माझी सकाळ म्हणजे तुमची रात्र, जेवण झालं की बसू दे.

छोटू: 👍

माई (पुणे): अंगठा काय दाखवतोस? आजोबांना नीट ‘हो’ म्हण.

पिंकी (डेव्हिस): अण्णाआजोबा, मला तुम्ही त्या वर्षी का नाही सापडलात! आत्या, कॉलेज निवडताना अजून एक बघ. डी अँझा क्वार्टरवर चालतं. साधारण बारा आठवड्यांत परीक्षेसकट सगळं संपतं, तिसऱ्या आठवड्यात पहिली मिडटर्म समोर. तिथे कॅलक्युलस चार क्वार्टरमध्ये विभागलेलं असतं. ओलोनी सेमिस्टरवर आहे, वेग जरा कमी. अल्जेब्रा कच्चं असणाऱ्याला ते चार-पाच आठवडे फार मोलाचे. शिवाय ओलोनी तुमच्या घराजवळ. क्युपर्टिनोचा ट्रॅफिक कशाला अंगावर घ्यायचा?

ताई (फ्रीमाँट): पण सगळे डी अँझा, डी अँझा करतात. मंडळाच्या कार्यक्रमात ज्याला विचारावं तो तेच नाव घेतो.

पिंकी (डेव्हिस): नाव चांगलंय, शंका नाही. पण यूसीवाले बघतात की मेजरचे कोर्स पूर्ण झालेत का आणि जीपीए किती. असिस्ट डॉट ओआरजी उघड, एका बाजूला कॉलेज टाक, दुसऱ्या बाजूला यूसी आणि विषय. कुठला कोर्स कशाच्या बदल्यात धरतात ते समोर येतं. मी त्याचा प्रिंट काढून फ्रिजवर लावला होता. आणि टॅग म्हणून हमीचा प्रवेश असतो तो सहाच यूसींना: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, एलए, सॅन डिएगो नाही. त्यातही कॉम्प्युटर सायन्सला काही ठिकाणी टॅग चालत नाही.

ताई (फ्रीमाँट): आणि ते कोर्सचे नंबर बदललेत का? शेजारणीच्या मुलीच्या वेळचा तक्ता माझ्याकडे आहे, त्यातलं काही जुळत नाही.

पिंकी (डेव्हिस): तो तक्ता रद्दीत टाक. २०२५च्या फॉलपासून राज्यभर समान नंबर यायला लागलेत. कॉलेजं ११६ आणि प्रत्येकाचा आपला नंबर, अशी तऱ्हा होती. तोच पहिला इंग्लिशचा कोर्स बऱ्याच ठिकाणी इंग्लिश १-ए, डी अँझाला ईडब्ल्यूआरटी १-ए. आता सगळीकडे इंग्लिश सी१०००. पहिल्या फेरीत सहा कोर्स आले: इंग्लिशचे दोन, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, अमेरिकन सरकार आणि भाषणकला. बाकीचे टप्प्याटप्प्याने. म्हणजे छोटूने उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजात सी१००० केला तरी कोणी हुज्जत घालणार नाही. जनरल एज्युकेशनचा, म्हणजे सगळ्यांना लागणाऱ्या सामान्य विषयांचा, साचाही बदलला, आयगेट्सीच्या जागी कॅल-गेट्सी. यूसी आणि कॅल स्टेट (राज्याची दुसरी सरकारी विद्यापीठं) दोन्हींना एकच. त्यात भाषणकला आणि एथ्निक स्टडीज आलं.

बंटी (नाशिक): भाषणकलेला मार्क? माईंना प्रवेश मिळवून द्या.

माई (पुणे): वात्रटा.

छोटी वहिनी (सनीवेल): ताई, तुमचं चालू आहे त्यात माझंही घुसवते. छोटूला न विचारता कॅलक्युलस देतात आणि मला बीकॉम असून अकाउंटिंगला बसू देत नाहीत! मॅनेजेरियल अकाउंटिंगला नाव घालायला गेले तर पोर्टलवर लाल पट्टी: ‘प्रीरिक्विझिट पूर्ण नाही’. आधी फायनान्शियल अकाउंटिंग करा म्हणे. तीन वर्षं मी पुण्यात जर्नल आणि लेजरच लिहिली की!

पिंकी (डेव्हिस): काकू, दोन्हीचा नियमच वेगळा. तो नवा कायदा गणित आणि इंग्लिशच्या सुरुवातीच्या कोर्सपुरता. बाकीच्या विषयांत पहिला झाल्याशिवाय दुसरा नाही, हे पूर्वीसारखंच. आणि संगणकाला तुझं बीकॉम दिसतच नाही. भारतातल्या मार्कलिस्टचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून, विषयवार. नुसती डिग्री समान आहे एवढं सांगणारा स्वस्त रिपोर्ट घेऊ नकोस, प्रीरिक्विझिटला तो उपयोगी पडत नाही. रिपोर्ट आला की क्लिअरन्सचा फॉर्म. त्यांनी नाहीच ऐकलं तर प्रीरिक्विझिट चॅलेंज करता येतं, तसा विद्यार्थ्याला हक्क आहे. पण वर्ग सुरू व्हायच्या पुष्कळ आधी कर. आणि जिथे ‘ॲडव्हायझरी’ लिहिलेलं असतं तो नुसता सल्ला असतो, तिथे कोणी अडवत नाही.

छोटी वहिनी (सनीवेल): एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर, फी किती लावतील? कुणीतरी म्हणालं परदेशी विद्यार्थ्याची लावतात.

ताई (फ्रीमाँट): नाही गं. एच-फोरवाल्यांना फीपुरती इथली रेसिडेन्सी मिळते, म्हणजे इथले रहिवासी धरतात. टर्म सुरू व्हायच्या आधी कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचा पुरावा लागतो. लीज, टॅक्स, लायसन्स, सगळ्याच्या प्रती काढून ठेव. तुम्ही न्यू जर्सीहून गेल्या उन्हाळ्यात आलात ना? मग तारीख मोजून बघ. थोडक्यात हुकलं तर एक टर्म थांब, बाहेरच्याची फी कैक पट असते. आणि सुचवते, राग मानू नकोस. तुला मुलांची आवड आहे, अर्ली चाइल्डहूडचे (लहान मुलांच्या शिक्षणाचे) १२ युनिट केलेस आणि सहा महिन्यांचा अनुभव घेतलास की प्रीस्कूलमध्ये शिक्षिका होता येतं. बारा गुणिले ४६, म्हणजे ५५२ डॉलर. आमच्या लेझीम पथकातल्या दोघी तेच करून लागल्यात. अर्थात नोकरीला वर्क परमिट लागेल, शिकायला लागत नाही.

छोटी वहिनी (सनीवेल): राग कसला ताई. पण मला आकडेच आवडतात. दुसऱ्यांची मुलं दिवसभर? आपलं एकच पुरे आहे 🙏

अण्णाकाका (सांगली): आकडे आवडतात म्हणणारी एक तरी सून आहे घरात. करा तुम्ही अकाउंटिंगच.

छोटी वहिनी (सनीवेल): दादा, तुम्ही आहात का ग्रुपवर? विद्यापीठातून ट्रान्सस्क्रिप्ट काढायचंय. तिन्ही वर्षांचं, सीलबंद पाकिटात. मी इथून ऑनलाइन अर्ज भरते, पण काही अडलं तर कोणीतरी खिडकीवर उभं राहायला हवं.

दादा (पुणे): वाचतोय सगळं. जातो. मूळ मार्कलिस्ट कुरिअर करू नकोस, स्कॅन पाठव, झेरॉक्स मी काढतो. सोबत माझ्या नावाचं सहीचं अधिकारपत्र आणि पासपोर्टची प्रत पण. लग्नाआधीचं नाव मार्कलिस्टवर आहे ना? मग विवाह नोंदणीचा दाखलाही जोड, नाहीतर दोन चकरा होतील.

छोटी वहिनी (सनीवेल): पाठवते आजच. दाखला माईंच्या कपाटात आहे, निळ्या फाइलमध्ये.

माई (पुणे): निळी नाही, हिरवी. दुपारी ये आणि घेऊन जा.