६० अंशांवर तेल खाणारे जिवाणू: फ्लास्क आटतोय

प्रश्न: जिओबॅसिलस हा उष्णताप्रेमी जिवाणू ६० अंशांवर, १ टक्का कच्च्या तेलावर लावलाय. तिसऱ्या दिवशी पाणी निम्म्यावर येतं, वाढ थांबते. काय चुकतंय?

उत्तर १: बाष्पीभवन. इनक्युबेटरमध्ये पाण्याचा ट्रे ठेवा. रोज फ्लास्कचं वजन करा, घट निर्जंतुक पाण्याने भरा. माध्यम (जिवाणूंचं पोषक द्रावण) ओतू नका, क्षार वाढतात.

उत्तर २: प्राणवायूही बघा. ६० अंशांना तो २५ अंशांच्या निम्म्याहून थोडाच जास्त विरघळतो. २५० मिलिच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिच माध्यम घ्या. आणि जिवाणूंविना एक फ्लास्क सोबत हवाच! तेलातले हलके घटक नुसत्या उष्णतेने उडतात, श्रेय मात्र जिवाणूंना मिळतं.

उत्तर ३: स्ट्रेन (जिवाणूचा उपप्रकार) कोणता? चीनच्या दागांग तेलक्षेत्रातला एनजी८०-२ हा स्ट्रेन सी१५ ते सी३६ अल्केन, म्हणजे १५ ते ३६ कार्बनच्या लांब साखळ्यांचे तेलघटक खातो. त्याला हलकं पेट्रोल देऊन उपयोग नाही.