गोळा फेकायचा की ढकलायचा?

पुतणीला शाळेच्या स्पर्धेत पहिल्या दोन्ही प्रयत्नांना लाल झेंडा मिळाला. पंच म्हणाले, "तू गोळा फेकलास." घरी येऊन मला विचारते, "काका, गोळाफेकीत फेकायचं नाही, तर मग करायचं काय?" मी गप्प. जाणकारांनी सांगावं.

– पंचांचं बरोबर आहे हो. गोळा एकाच हाताने आणि खांद्यापासून सुटायला हवा. सुरुवातीला तो मानेला किंवा हनुवटीला टेकलेला, निदान अगदी जवळ हवा. हात तिथून खाली घसरला किंवा गोळा खांद्यांच्या रेषेमागे गेला की बाद. चेंडू फेकताना आपण नेमका हात मागे नेतो. मुलीने तेच केलं असणार. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, महिलांचा ४ किलोचा. तो चेंडूसारखा फेकायला गेलं तर खांदा कामातून जायचा. म्हणून मैदानावर "कोपर वर, गोळा ढकल" असंच ओरडतात.

– मग नावच चुकलंय म्हणायचं?

– मला नाही वाटत. 'ढकलणे' म्हटलं की बंद पडलेली गाडी आठवते, वस्तू हवेत जात नाही. 'लोटणे' त्याहून जमिनीलगतचं. 'भिरकावणे' गरगर फिरवून सोडण्याला शोभतं, ते हातोडाफेकीला द्या. राहता राहिलं 'फेकणे', आणि ते ऐसपैस आहे: फासे फेकतात, जाळं फेकतात, नजरही फेकतात. जर्मन लोक या खेळाच्या नावात धक्का देण्याचं क्रियापद वापरतात, पण फ्रेंच नावाचा अर्थ सरळ 'वजनफेक' होतो. म्हणजे सैल बोलणारे आपण एकटे नाही.

– शिवाय 'फेक' म्हणजे एक प्रयत्न, हा अर्थ आता रुळलाय. 'तिसरी फेक बाद', 'पहिल्याच फेकीत आघाडी'. २,१३५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळातून पाय बाहेर पडला, किंवा पुढच्या लाकडी फळीच्या माथ्याला लागला, तरी फेक बादच. फळीच्या आतल्या बाजूला पाय टेकवलेला मात्र चालतो. हे पुष्कळांना माहीत नसतं.

– जाता जाता: 'गोळाफेकमध्ये रौप्य' असे मथळे बघून दात आंबतात. शब्द स्त्रीलिंगी आहे, त्याला सामान्यरूप आहे. सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारींनी २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ-४६ गटात (हाताचं अपंगत्व असलेल्यांचा गट) १६.३२ मीटरवर रौप्य मिळवलं, ते गोळाफेकीत.

– आभार सगळ्यांचे. पुतणीला वाचून दाखवलं. आता विचारते, भालाफेकीत तरी फेकायचं ना?

– हो, तिथे फेकायचं. खांद्यावरून. पण भिरकावला तर तिथेही लाल झेंडा.