कॉलेज फुटबॉलसाठी विद्यापीठ निवडताना मुले अभ्यासाला खरोखर किती वजन देतात?

कृष्णाकाठ

माझा मुलगा टेक्सासमध्ये अकरावीत शिकतो आणि शाळेच्या फुटबॉल संघात सेफ्टीच्या (बचाव फळीत सर्वांत मागच्या) जागेवर खेळतो. (भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढेच सांगते की येथे विषय अमेरिकन फुटबॉलचा आहे.) दोन-तीन विद्यापीठांनी त्याच्यात रस दाखवला आहे आणि त्यांपैकी एका मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या ‘ज्युनियर डे’ला (अकरावीच्या खेळाडूंसाठी ठेवलेल्या भेटीला) आम्ही तिघे नुकतेच जाऊन आलो. व्यायामशाळा, खेळाडूंचे कपाटघर, स्वतंत्र भोजनगृह आणि मैदानाकडे जाणारा बोगदा हे सारे आम्हाला सावकाश दाखवण्यात आले. अभ्यासकेंद्र मात्र शेवटी आले आणि तेही दारातूनच दाखवले गेले. मुलाला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचे आहे, असे मी सांगितले तेव्हा “आमच्याकडे सर्व विषय खुले आहेत, शिवाय हा चार वर्षांचा नव्हे तर चाळीस वर्षांचा निर्णय आहे”, असे उत्तर मिळाले. घरी परतताना मुलगा गाडीत फक्त सेफ्टीच्या प्रशिक्षकांविषयी आणि पुढच्या वर्षी त्या जागेवरचे कोणते खेळाडू बाहेर पडणार आहेत याविषयी बोलत होता.

आम्ही दोघेही गुणपत्रिका हाच पासपोर्ट मानणाऱ्या घरांतून आलो, त्यामुळे त्याचे हे प्राधान्य आम्हाला अस्वस्थ करते. या वयाची मुले विद्यापीठ निवडताना अभ्यासाला खरोखर किती महत्त्व देतात, आणि विद्यापीठाच्या मानांकनाचा खेळाडूला प्रत्यक्षात काही उपयोग होतो का?

ओहायोकर

मी अनेक वर्षे हा खेळ जवळून पाहत आलो आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. ज्या मुलांना सर्वांत मोठ्या संघांकडून बोलावणे येते, त्यांच्यातील बहुतेकांच्या मनात प्रशिक्षक, लवकर खेळायला मिळण्याची शक्यता, एनएफएलपर्यंतचा (व्यावसायिक फुटबॉलच्या मुख्य लीगपर्यंतचा) रस्ता, पैसा आणि घरापासूनचे अंतर या गोष्टी आधी येतात. अभ्यासाचा प्रश्न बहुधा आईवडील विचारतात. मात्र यासाठी मुलांना बेफिकीर ठरवणे मला अन्यायाचे वाटते. हायस्कूल संपल्यानंतर तीन वर्षे उलटल्याशिवाय एनएफएल कोणालाही घेत नाही आणि त्या तीन वर्षांत स्वतःला सिद्ध करण्याची दुसरी तोलामोलाची जागा या देशात नाही. बेसबॉलमध्ये हायस्कूलमधून थेट व्यावसायिक संघात जाता येते, फुटबॉलमध्ये तसे जाता येत नाही. म्हणजे ज्याला फक्त खेळायचे आहे त्यालाही विद्यार्थी व्हावेच लागते, आणि अशा मुलाने विद्यापीठाकडे आधी खेळाचे ठिकाण म्हणून पाहिले तर त्यात आश्चर्य नाही.

२०१२ मध्ये ओहायो स्टेटच्या कार्डेल जोन्सने, आपण येथे फुटबॉल खेळायला आलो आहोत, शाळा-शाळा खेळायला नव्हे, अशा अर्थाचे ट्वीट केले आणि देशभर त्याच्यावर टीका झाली. त्याच जोन्सने पुढे संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले आणि एनएफएलमध्ये गेल्यानंतर परत येऊन २०१७ मध्ये पदवी पूर्ण केली. सतरा-अठराव्या वर्षी मुलगा काय बोलतो यावरून त्याची शिक्षणाची भूक मोजू नये, असे मला या प्रकरणापासून वाटू लागले.

याच्या उलट, अभ्यासाला प्रथम स्थान देणारी मुलेही आहेत आणि ती दुबळी खेळाडू असतात असे नाही. अँड्र्यू लक २०११ मध्येच एनएफएलच्या वार्षिक खेळाडू-निवडीत पहिल्या क्रमांकावर निवडला जाईल असे सर्वत्र मानले जात होते, तरीही तो स्टॅनफर्डमध्ये आणखी एक वर्ष थांबला, आर्किटेक्चरल डिझाइनची पदवी घेतली आणि २०१२ मध्ये पहिल्याच क्रमांकावर निवडला गेला. फ्लोरिडा स्टेटचा मायरन रोल याने तर २२ वर्षांचा असताना जे केले ते मी आजही भाच्यांना सांगतो. नोव्हेंबर २००८ मध्ये ऑक्सफर्डमध्ये शिकण्यासाठीच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीची मुलाखत आणि मेरिलँडविरुद्धचा सामना एकाच दिवशी आले. त्याने बर्मिंगहॅममध्ये मुलाखत दिली, शिष्यवृत्ती मिळवली आणि विमानाने जाऊन सामना सुरू झाल्यावर संघात सामील झाला. तोही तुमच्या मुलासारखा सेफ्टी होता, आणि आज तो मेंदूची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आहे.

आता यात पैशाची भर पडली आहे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर कमाई करता येते आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली आहेत; पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा सर्व खेळ मिळून प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. एवढा पैसा समोर असताना मानांकनाचा आकडा मुलाच्या डोक्यात मागे पडणारच.

गोदातीर

मी एका मोठ्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागात काही वर्षे खेळाडूंना गणित आणि भौतिकशास्त्र शिकवले आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, अभ्यास महत्त्वाचा की खेळ, हा प्रश्नच थोडा चुकीच्या जागी उभा आहे. विद्यापीठाचे मानांकन संपूर्ण विद्यापीठाचे असते. खेळाडूच्या वाट्याला त्यातले काय येते हे त्याचे वेळापत्रक ठरवते. उत्तम इंजिनिअरिंग विभाग असलेल्या विद्यापीठात जाऊनही त्या विभागाची पायरी न चढता पदवी घेतलेली मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या काहींना विषयाची खरी आवड होती.

हे कसे घडते ते सांगते. हंगामात संघाच्या बंधनकारक कामासाठी आठवड्याला २० तासांची मर्यादा नियमाने घातलेली आहे, परंतु प्रवास, दुखापतींवरचे उपचार, स्वतःहून पाहिलेली सामन्यांची चित्रफीत आणि ‘ऐच्छिक’ व्यायाम त्या हिशेबात येत नाहीत. एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेच्याच सर्वेक्षणांत सर्वोच्च गटातील फुटबॉलपटूंनी आठवड्याला ४० तासांहून अधिक वेळ खेळाला जातो असे सांगितले आहे. मी ज्या खोलीत शिकवत असे तेथे प्रत्येक मुलाचा आठवडा एका रंगीत तक्त्यावर भिंतीला लावलेला असे. सरावाचे तास लाल रंगात आधीच छापलेले असत आणि विषय उरलेल्या पांढऱ्या चौकोनांत बसवावे लागत. दोन तासांचे व्याख्यान तेथे कसेबसे बसे. मात्र मंगळवारी दुपारी दोन ते पाच असलेली प्रयोगशाळा लाल पट्ट्यावर आली की पुढच्या सत्रात तो मुलगा दुसऱ्याच विषयात दिसे. कोणी त्याला हुकूम केलेला नसे. “हा विषय पुढच्या सत्रात घेऊ”, एवढेच म्हटलेले असे, आणि पुढच्या सत्रातही तो तास त्याच वेळी असे.

नॉर्थवेस्टर्न हे अभ्यासासाठी नावाजलेले विद्यापीठ आहे. तेथील क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रे सांभाळणारा खेळाडू) केन कोल्टर याने २०१४ मध्ये, खेळाडूंच्या संघटनेला मान्यता मिळावी यासाठी चाललेल्या सुनावणीत, वैद्यकीय शाखेकडे जाण्यासाठी आवश्यक असलेला रसायनशास्त्राचा वर्ग सरावाच्या वेळेशी जुळत नसल्यामुळे आपल्याला तो मार्ग सोडावा लागला, असे शपथेवर सांगितले. याउलट टेनेसी हे फुटबॉलवेड्या विद्यापीठांत गणले जाते, आणि तेथेच जोशुआ डॉब्स क्वार्टरबॅक म्हणून खेळत एरोस्पेस इंजिनिअरिंगची पदवी घेऊन २०१७ मध्ये एनएफएलमध्ये गेला. मानांकनाच्या यादीवरून या दोघांचे भविष्य कोणी सांगू शकले असते असे मला वाटत नाही.

दुसरी अडचण नियमांची आहे. खेळण्यास पात्र राहण्यासाठी दुसरे वर्ष संपेपर्यंत पदवीचा ४० टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ६० टक्के आणि चौथ्या वर्षाअखेर ८० टक्के भाग पूर्ण व्हावा लागतो. नियमाचा हेतू चांगला आहे. परंतु दुसऱ्या वर्षी आवड बदलून अवघड शाखेकडे वळू पाहणाऱ्या मुलाला तोच नियम अडवतो, कारण आधी घेतलेले विषय नव्या पदवीत धरले जात नाहीत आणि टक्केवारी एकदम खाली येते. एकाच संघातील पुष्कळ मुले एकाच सोयीच्या विषयात गोळा झालेली दिसतात, त्याचे एक कारण हेही आहे. ही सोय टोकाला गेली की काय होते ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील प्रकरणात दिसले. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार तेथे १८ वर्षांत ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी, ज्यांत खेळाडूंचे प्रमाण मोठे होते, वर्ग न भरणारे, केवळ एका निबंधावर गुण देणारे अभ्यासक्रम घेतले. ते विद्यापीठ मानांकनात अजिबात खालचे नव्हते.

दर्यावर्दी

गोदातीर यांचे म्हणणे पटते, पण एक बाजू राहून जाते आहे. आपण येथे बहुतेक जण दोन पदव्या असलेल्या घरांतून बोलत आहोत. ज्या मुलाच्या घरात कोणी महाविद्यालयाचे तोंड पाहिलेले नाही, त्याच्यासाठी पूर्ण शिष्यवृत्ती मिळणे हाच शिक्षणाचा निर्णय असतो, आणि त्याने दहाव्या क्रमांकाऐवजी साठाव्या क्रमांकाचे विद्यापीठ निवडले म्हणून त्याला अभ्यासाचे वजन कळत नाही असे म्हणता येणार नाही. आईला दरमहा पैसे पाठवता येतील म्हणून एखादा मुलगा अधिक पैसे देणाऱ्या संघाकडे गेला, तर मी त्याला दोष देणार नाही.

मात्र एक आकडा प्रत्येक घराने समोर ठेवावा. सर्वोच्च गटात १३० हून अधिक संघ आहेत आणि प्रत्येकात शंभराच्या आसपास खेळाडू असतात. एनएफएलच्या सात फेऱ्यांत वर्षाला सगळे मिळून सुमारे २५० खेळाडू निवडले जातात. प्रशिक्षक हे आकडे सांगत नाहीत. ते आपल्याकडून निवडल्या गेलेल्या मुलांची छायाचित्रे भिंतीवर लावतात.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. भिंतीवरची ती छायाचित्रे आम्हीही पाहिली, आणि माझा मुलगा त्यांच्यासमोर बराच वेळ उभा होता. आणखी दोन गोष्टी विचारते. आयव्ही लीगमधील (हार्वर्डसारख्या आठ जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटातील) एका विद्यापीठानेही त्याच्याशी संपर्क साधला आहे. तेथे खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण माझ्या यजमानांचे मन तेथेच बसले आहे. मुलाचे म्हणणे असे की तेथील फुटबॉल खालच्या दर्जाचे आहे. शिवाय आता ट्रान्स्फर पोर्टल (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणी) असल्यामुळे आधी मोठ्या संघात जाऊन पाहावे आणि जमले नाही तर विद्यापीठ बदलावे, असे त्याचे मित्र त्याला सांगतात.

गोदातीर

पोर्टलचे आधी बोलू, कारण याच ठिकाणी मुलांची सर्वांत जास्त फसगत होते. अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला २०२४ पासून कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच खेळता येते. खेळाडू बदलतो, पण त्याचे विषय त्याच्याबरोबर पूर्ण किमतीने जात नाहीत. नवे विद्यापीठ काही विषय पदवीसाठी धरते, काही नुसते ऐच्छिक म्हणून धरते, काही धरतच नाही. सामान्य पदवीत याने फार बिघडत नाही, परंतु इंजिनिअरिंगमध्ये एका विषयावर दुसरा आणि दुसऱ्यावर तिसरा रचलेला असल्यामुळे एक विषय निसटला तर वर्ष जाते, आणि वर सांगितलेली टक्केवारी त्याच वेळी मानेवर बसलेली असते. दोनदा विद्यापीठ बदलून इंजिनिअरिंग वेळेत पूर्ण केलेला खेळाडू माझ्या पाहण्यात नाही. विद्यापीठ बदलायचेच असेल तर पदवी हातात घेऊन बदलावे. रसेल विल्सन नॉर्थ कॅरोलायना स्टेटची पदवी पूर्ण करून २०११ मध्ये विस्कॉन्सिनला गेला आणि तेथून एनएफएलमध्ये पोहोचला.

आयव्ही लीगविषयी आपल्या यजमानांच्या बाजूने एक मुद्दा सांगते. तेथे मिळणारी मदत घरच्या उत्पन्नावर ठरते, खेळावर नव्हे. म्हणून मुलाने दुसऱ्या वर्षी गुडघा दुखावल्यामुळे किंवा केवळ मन उडाल्यामुळे खेळ सोडला, तरी ती मदत तशीच राहते. मोठ्या संघांच्या शिष्यवृत्तीलाही २०१५ पासून बरेच संरक्षण मिळाले आहे आणि केवळ खेळ खालावला म्हणून ती काढून घेता येत नाही, पण मुलाने स्वतःहून खेळ सोडला तर ते संरक्षण उरत नाही. उत्पन्नाची गणिते प्रत्येक विद्यापीठात वेगळी असतात, तेव्हा त्यांच्या संकेतस्थळावरचा हिशेब आधी करून पाहा. हार्वर्डने २०२५ च्या शरद सत्रापासून दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शिक्षणशुल्क माफ केले आहे. आपल्या लोकांच्या अनेक घरांचे उत्पन्न मात्र त्याच रेषेच्या आसपास किंवा वर असते. राहिला दर्जाचा प्रश्न. तेथून एनएफएलमध्ये जाणारे थोडे असतात, पण जातात. हार्वर्डचा रायन फिट्झपॅट्रिक २००५ मध्ये सातव्या फेरीत निवडला गेला आणि पुढे अनेक वर्षे खेळला. २०२५ च्या हंगामापासून आयव्ही लीगचे संघ त्यांच्या गटाच्या राष्ट्रीय बादफेरीतही उतरू लागले आहेत, ही गोष्ट मुलाला नक्की सांगा.

पुढच्या भेटीत “विषय खुले आहेत का”, असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमी होकारार्थीच येते. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात असलेल्या एका फुटबॉलपटूशी, शक्यतो बचाव फळीतल्या, मुलाची एकट्याची भेट घालून द्या अशी विनंती करा. असा खेळाडू संघात नसेल तर तुमचे उत्तर तुम्हाला मिळाले. असेल तर त्याला प्रयोगशाळा कोणत्या वेळी असते, सराव सकाळी असतो की दुपारी, आणि उन्हाळी सत्राचा खर्च संघ उचलतो का, हे मुलानेच विचारावे. त्यानंतर क्रीडा विभागाच्या मार्गदर्शकाला न भेटता थेट इंजिनिअरिंग विभागाच्या कचेरीत जा आणि गेल्या काही वर्षांत किती फुटबॉलपटूंनी तेथून पदवी घेतली ते विचारा.

ओहायोकर

एक गोष्ट तातडीची आहे म्हणून लिहितो. मुलगा अकरावीत आहे, म्हणजे एनसीएएच्या पहिल्या विभागात (सर्वांत वरच्या स्तरावर) खेळण्यासाठी लागणाऱ्या १६ मूलभूत विषयांपैकी १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण झालेले असावे लागतात, आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे हवेत. बारावी सुरू झाली की पात्रतेच्या सरासरीसाठी या दहा विषयांचे गुण पक्के होतात, नंतर ते सुधारता येत नाहीत. किमान सरासरी (४ पैकी) २.३ आहे आणि तुमच्या मुलाला तिची चिंता नसावी. पण इंजिनिअरिंगचा प्रवेश वेगळा असतो आणि तेथे कॅल्क्युलस पाहिले जाते. बारावीचे विषय ठरवताना शाळेच्या समुपदेशकांकडून दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून तपासून घ्या, ताई. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी हे झाले तर एखादा राहिलेला विषय उन्हाळी वर्गात घेता येईल.